झोप क्लबची चादर

शुक्रवार, संध्याकाळ

डोकंच चालत नाहीये. कॉलेजात सगळ्या क्लबांच्या नोटिसा लागल्यात, त्यात मी मजाक म्हणून एक खोटी चिकटवली: 'झोप क्लब. शुक्रवारी बिर्याणी खाऊन लायब्ररीमागच्या झाडाखाली या. चादर आपापली आणा.' कोण फसतं ते बघायला आज मी आणि माझा दोस्त इम्रान भिंतीआड लपलो.

एक पोरगी खरंच आली. फर्स्ट इयरची, खम्मम गावाहून आलेली श्रावणी, हे नंतर कळलं. तिनं हॉस्टेलची चादर नीट अंथरली आणि स्वतः कोपऱ्यात बसली. बाकी चादर रिकामी, येणाऱ्यांसाठी. ते बघून माझं हसूच गेलं.

इम्रान म्हणाला, "जा, बोल दे मजाक था."

गेलो. तीच आधी म्हणाली, "अन्ना, इथं इंटरव्यू नाही ना? बाकीच्या क्लबांनी इंटरव्यू घेऊन नको म्हटलं."

"नाही," म्हणालो, आणि चादरीवर बसलो. का बसलो?

"पुढच्या शुक्रवारी पण आहे ना?"

"हौ." हे तरी का बोललो?

नंतर नोटीस फाडायला गेलो, तर खाली कुणीतरी पेननं विचारलेलं: 'उशी चालेल का?'

'चालेल' लिहून आलो.