ओली गिटार

५ जानेवारी २०१५, दारव्हा

आलो एकदाचा. जीपमधून उतरलो तेव्हा काखेत गिटारचा खोका आणि पाठीवर याडीनं, म्हणजे आईनं, भरून दिलेली पिशवी, बस. शाहिद स्टँडवर घ्यायला आला होता. कॉलेजात आम्ही एकाच बाकावर. त्यानं शिक्षण पुरं करून इथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, मी सरांची कॉलर धरून दुसऱ्याच वर्षी बाहेर पडलो. आता त्याच्याच दुकानात काम आणि त्याच्याच घरामागे खोली.

खोली झकास आहे. शाहिदचे अब्बा पिंजारी होते, इथंच कापूस पिंजून गाद्या भरायचे. ते गेले. कापसाचा भाव पडला, लोकही फोमवर झोपायला लागले. पण आढ्याला अजून कापसाचे पुंजके लटकतात, खिडकी उघडली की तरंगत खाली येतात. शाहिदच्या अम्मीला, खैरुनबीला, मी खाला म्हणतो. खालानं भाकरी-ठेचा वाढला आणि हळूच विचारलं, खोक्यात बंदूक तर नाही ना. गिटार आहे म्हटलं, सुटी, जोडायची आहे. तर म्हणे, जोडलेली मिळत नव्हती काय?

९ जानेवारी

धड, मान, खुंट्या, तारांचा आवाज पकडणारे पिकअप, सगळं चटईवर मांडलं. कोरं लाकूड पॉलिश पेपरनं घासता घासता बोटं बधिर झाली. छान वाटलं.

बबिताला फोन केला. ती आमच्याच तांड्यातली. तिचे वडील, देवीलालकाका, तिच्यासाठी ढाणकीचा पोरगा पाहून राहिले. एक फेब्रुवारीला पाहुणे येणार. तिनं साफ सांगितलं की मी भांडण सुरू करतो, कॉलेज सुरू करतो, संपवत काहीच नाही. एक गोष्ट पुरी करून दाखव, मग मी बापासमोर उभी राहते. डोकं तापलं होतं, पण फोन आपटला नाही. सुधारणा आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. लाकडाला जवसाचं तेल चोळायचं होतं, पण दुकानं बंद आणि मला धीर कुठला. खालाच्या डब्यात सरकीचं तेल होतं, तेच पाजलं. तेल ते तेल. खाला म्हणाली, गिटार करून राह्यला का भजे? पण लाकूड असं उजळलं की बघत राहावं. मग सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं मानेच्या शेंड्यावर डागून नाव लिहिलं. बबिता. ट्रकवर लिहितात तसं.

१९ जानेवारी

तेल वाळत नाही. हार्डवेअरवाला पोट धरून हसला. जवसाचं तेल वाळून कातडीसारखं बसतं म्हणे, सरकीचं ओलंच राहतं. पुसलं तरी आतून पुन्हा वर येतं, आणि त्यावर आढ्याचा कापूस बसतो.

पण खरी बातमी वेगळीच. दुकानातून आलो तर मानेवर बोटांचे ठसे. बारीक, लांब बोटं. माझी नाहीत, खालाचीही नाहीत. बबिताच! बाजाराला आली असेल, लाजून न सांगता परत गेली असेल. आज कुलूप लावायचं विसरलो ते बरंच झालं, आता लावणारच नाही.

२३ जानेवारी

रोज ठसे. आज तिच्यासाठी तिळाचे लाडू ठेवून गेलो. आलो तर एकही खाल्लेला नाही, पण प्रत्येकावर तेलाचं एक बोट. गिटारवरचा कापूस सगळा एका दिशेला, विंचरल्यासारखा. शाहिद म्हणतो, माझं डोकं फिरलं. फिरू दे. ती येते.

२७ जानेवारी

बबिताचा फोन. संक्रांतीपासून ती पांढरकवड्याला आत्याकडे होती. दारव्ह्यात पाय ठेवला नाही म्हणते. मी तिला खोटारडी म्हणालो. ओरडलो. तिनं फोन कापला.

मग खालाला खोलीत आणून ठसे दाखवले. ती ठसे बघून नाही, नाव बघून मागं सरली.

"पुरी व्हायच्या आधी नाव काहून टाकलं रे?"

त्यांच्या धंद्यात गादी भरून, शिवून, शेवटचा टाका पडेपर्यंत कोणाची आहे ते तोंडानं काढत नाहीत. एकदा शाहिदच्या अब्बांनी अर्ध्या गादीला एका नवरीचं नाव घेतलं होतं. पुढचं खालानं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली,

"ज्याचं नाव तो येत नाही, बेटा. जागा मोकळी दिसली की दुसरंच कोणी येऊन बसते."

उपाय एकच म्हणे. पुरी करून टाक. पुरी झाली की जागा भरली.

२९ जानेवारी

नाव खरवडलं. दुपारी जेवून आलो तर पुन्हा होतं. जास्त खोल.

३० जानेवारी

मान कसली. वायरी डागल्या. तारा चढवल्या. दिवसभर उन्हात ठेवली तरी ओली. ओली आहे तोवर पुरी नाही.

लोडशेडिंग होतं. शाहिदच्या दुकानातून आणलेल्या ॲम्पची पिनही मी काढून ठेवलेली. तरी स्पीकर गुणगुणला. आधी श्वास. मग माझाच आवाज — खोटारडी — खोटारडी — हळूहळू, शब्द घोकल्यासारखा.

३१ जानेवारी

खाला आणि शाहिद लग्नाला दिग्रसला गेले. चल म्हणाले. कसा जाऊ. उद्या एक तारीख. पुसतो, पुन्हा ओली. पुसतो —

हात लावला तर कोमट. अंगासारखी.

१ फेब्रुवारी, दुपार

बबिताचा मेसेज. पाहुण्यांना नाही म्हणून निघाली. जीपमध्ये आहे. म्हणते, झाली नसेल तरी चालेल, मी आले.

ती आली. माझ्यासाठी.

पण या खोलीत नको. फोन लागत नाही. स्टँडवरच अडवायला उठलो तर कडी आतून लागली. मी नाही लावली. कडीवर तेलाची बोटं. आता माझ्या मनगटावर. गळ्यावर. ओरडायला गेलो तर तोंडात कापूस, काढतो तेवढा येतो —

लिहिता येतं. हे पान दाराखालून सरकवतो. बबिता, हे वाच. आत येऊ नको. आतून कोणी बोललं तर तो मी नाही. याडीची शपथ, तो मी —

चपला. अंगणात.

"शाम? अरे आहेस ना?"

पान सरकत नाही. दाराखालची फट कापसानं भरली —

मागं स्पीकर बोलला. माझ्या आवाजात. इतकं गोड मी तिच्याशी कधी बोललो नाही —

"झाली पुरी. ये ना आत."

कडी सरकून राहिली — नको बबि