बुधवारचा खिमाभात

संगमनेर,
५ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. आरतीस,
ज्योतीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई आमच्याकडेच आहेत, पुढच्या खोलीत पलंगावर. या दोन खोल्यांत फोनवरची कुजबुजसुद्धा त्यांना ऐकू जाते, आणि मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच.

काल बुधवार. डेअरीतून सुटले, येताना अर्धा किलो खिमा घेतला. एकच मोठी कढई. कांदा लाल केला, आलं-लसूण घातलं, खिमा पाणी आटेपर्यंत परतला. मग टोमॅटो, काळा मसाला, धुतलेला तांदूळ, आधणाचं पाणी आणि वर झाकण. मी हातपाय धुऊन येईस्तोवर घरभर वास. पाऊण तासात जेवायला बसलो. हे, लेक आणि मी, मुद्दाम पुढच्या खोलीत. सासूबाईंना मुगाची मऊ खिचडी. डॉक्टरांनी मटण बंद केलंय, असं मी यांना सांगितलंय. डॉक्टर असं काहीही बोललेले नाहीत.

तीन बुधवार झाले. त्या माझ्या ताटाकडं बघतात आणि मी सावकाश जेवते.

तुला तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, नेवाशाच्या घरी, मला सातवा महिना होता आणि खिमाभाताचे डोहाळे लागले होते. त्यांनी केला. मी सगळ्यांना वाढला. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी पातेलं उचललं आणि उरलेला भात माझ्यादेखत कुत्र्याला घातला. म्हणाल्या, सुनेनं जिभेचे लाड करू नयेत. हेही तिथंच होते. एक शब्द बोलले नाहीत.

उत्तर डेअरीच्या पत्त्यावर पाठव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ज्योतीताई

राहाता,
११ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
आरतीचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, खोटं कशाला बोलू? तुझ्या सासूबाईंचा, झुंबरबाईंचा तोरा मीही बघितलाय. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुझीच भीती वाटली. त्या धडधाकट होत्या तेव्हा भांडली असतीस, तर मी पदर खोचून आले असते. आता त्यांना उठून पाणीसुद्धा घेता येत नाही गं. तुझी तेरा वर्षांची लेक हे रोज बघते, तिला कळत नसेल? भांडायचंच तर दाजींशी भांड. ते निदान पळून जाऊ शकतात.

आमचे पेरू यंदा गोड निघालेत, पेटी पाठवते. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझीच,
आरती

संगमनेर,
१९ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राग आला. त्याच रागात काल पुन्हा कढई चढवली. हे आणि लेक यायचे होते. भात शिजत असताना सासूबाईंनी हाक मारली. म्हणाल्या, डाक्टर काय बोलला ते मला ठाव हाय, मी काय बहिरी न्हाई. मग तुमच्या लेकाला का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं. म्हणाल्या, कोन्च्या तोंडानं सांगू?

चार बुधवार मी त्यांना फसवते आहे असं समजत होते, आणि त्या सगळं जाणून खिचडी गिळत होत्या. मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, तो भात कुत्र्याला का घातला? वाटलं, रडतील, नाहीतर आठवत नाही म्हणतील. त्या छताकडं बघत म्हणाल्या, करता येत हुतं म्हनून केलं. तू काय करनार हुतीस?

आरती, मी माफ केलेलं नाही, तसं समजू नकोस. पण मी त्यांना खिचडीच का वाढते असं तू मला विचारलं असतंस, तर माझ्याकडेही याहून वेगळं उत्तर नसतं. मी त्यांना उशा लावून बसवलं आणि ताट वाढलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं.

हे आले, आईचं ताट बघून चकित झाले. डॉक्टरांचं काय, म्हणाले. मग मी सगळं सांगितलं, माझं खोटं आणि नेवाशाचा तो दिवस, लेकीसमोर. तिनं बापाला एकच विचारलं, तुम्ही तेव्हा काय करत होता? ते ताट तसंच ठेवून गॅलरीत गेले. मी हाक मारली नाही. भात गरम होता, मी जेवून घेतलं.

पेरू मिळाले. आठवण ठेव, तेवढं पुरे.

तुझी,
ज्योतीताई