चिठ्ठीवरची तारीख

३ तारीख
आले एकदाची मामीकडे! मामा गेल्यापासून ती एकटीच मागच्या दोन खोल्यांत धिंगरी अळंबी पिकवते. तिला हाताखाली माणूस हवं होतं, माझी नोकरी सुटलेली. दोघींचीही सोय झाली. माझ्या कॉटखाली आधीच्या मदतनीस बाईच्या चपला आहेत. ती न सांगताच निघून गेली म्हणे. अनवाणी गेली की काय, असं मी हसत विचारलं. मामी हसली नाही. तिला विनोदाचं वावडंच आहे, पहिल्यापासून.

४ तारीख
आज पिशव्या भरल्या. गरम पाण्यातून काढून निथळलेला पेंढा, त्यावर बियाणं, म्हणजे बुरशी धरलेले गव्हाचे दाणे, पुन्हा पेंढा, वर घट्ट गाठ. प्रत्येक पिशवीला तारखेची चिठ्ठी. मग अठरा दिवस अंधाऱ्या खोलीत. आतून पांढरीशुभ्र झाली की ब्लेडनं चिरा द्यायच्या, तिथून अळंबी फुटते. दोरी कापताना माझ्या डाव्या हाताचं बोट कापलं. हातमोजे घाल म्हणून मामीनं बजावलं होतं. मी मेली आळशी, तसाच हात बियाण्यात घातला. ती रागावली नाही. बोटाकडे बघत राहिली आणि एक चिठ्ठी जास्तीची लिहिली.

९ तारीख
जखम भरत नाही. दुखतही नाही. कडेनं कापसासारखं पांढरं आलंय. धुतलं की परत येतं. डॉक्टरकडे जाते म्हटलं, तर मामी म्हणाली, वाऱ्यात हिंडू नकोस, अंधाऱ्या खोलीत पडून राहा. माझी कॉटही तिनं तिकडे हलवली. किती जीव लावते बिचारी.

१३ तारीख
दाराला बाहेरून कडी. हवा लागली तर पिशव्या बिघडतात म्हणे. मी काय पिशवी आहे? मामी रोज येते, एकेका पिशवीला हात लावून बघते. मग तसाच माझ्या कपाळाला. दाराखालच्या उजेडात लिहितेय.

१७ तारीख
हात कोपरापर्यंत पांढरा. खूप ओरडले. मामी बाहेरच होती – नुसती उभी. आई गं, फार भीती वाटतेय –

२० तारीख
कॉटच्या पायाला चिठ्ठी. मामीचं अक्षर. ४ तारीख.
त्या चपला –

२२ तारीख
कडी वाजली. उजेड. मामीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, “छान धरलंय गं, बाळा. आता हलू नकोस.”
ती ब्लेडचा कागद सोडतेय – आतून खाज, सगळीकडे – काहीतरी उजेडाकडे ढकलतंय – आणि देवा, मलाच वाटतंय, तिनं लवकर –