चिंचेनं घासलेले सूर

आप्पा, आपल्या भजनी मंडळाची पेटी काल नारायणगावहून परत आणली. एसटीत मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "ताई, मागं ठेवा की ती," तर मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुमान पुढं गेला. तुमचा स्वभाव माझ्यात उतरलाय असं आई म्हणायची, ते काही खोटं नाही. वसाहतीतल्या पोरांनी पेटी माझ्या हवाली करताना बजावलं होतं, "मॅडम, सूर बदलूनच आणा, म्हंजे आमाला चारचौघांत बसून वाजवता येईल." पोरांचं बरोबर होतं. तरी मी पेटी आहे तशीच घेऊन आले. का, ते तुम्हालाच सांगायला हवं.

ती पेटी कशी झाली ते मला अजून लख्ख आठवतं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा देवळातली जुनी पेटी तुम्ही गोणपाटात गुंडाळून आणलीत. मग नव्या वसाहतीत घरं उभी करायच्या धावपळीत ती पत्र्याच्या शेडमध्ये तशीच पडून राहिली. उघडली तेव्हा लाकूड वाळवीनं खाल्लेलं, भाता उंदरांनी कुरतडलेला. धड राहिले होते ते फक्त आतले सूर, म्हणजे पितळेच्या बोटभर पट्ट्या. प्रत्येकीला एक बारीक जीभ, हवा लागली की बोलणारी. तुम्ही त्या एकेक काढून सुपात मांडल्यात. मी हात लावायला गेले तर खेकसलात, "घाम लागंल त्याला. गाव हाय त्यात आपलं." अख्खं गाव पाण्याखाली, आणि तुम्ही सुपाकडं बोट दाखवताय. मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते, मला हसूच आलं.

नव्या पेटीसाठी सागाची फळी बघायला तुम्ही घोडेगावला गेलात आणि मागं आईची नजर त्या सुपावर पडली. पितळ पार काळवंडलेलं. देवाच्या पेटीतली वस्तू अशी कळकट कारागिराकडं गेली असती तर तिची मान खाली गेली असती. तिनं चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली, आणि मोरीत बसून समई घासावी तसे ते सूर नारळाच्या शेंडीनं घासून काढले, जिभांसकट. उन्हात मांडले तेव्हा नुसते झळकत होते. तुम्ही आलात, बघितलंत, "झकास केलंस की गं," म्हणालात आणि हातपाय धुवायला गेलात. आई दिवसभर खुशीत होती.

नारायणगावात पेटीवाल्याकडं मीही तुमच्याबरोबर होते. तमाशाच्या फडांच्या पेट्या दुरुस्त करणारा माणूस तो. तुमच्या गळ्यातली माळ बघून म्हणाला, "माळकरी पावणं आज आमच्यात कसं काय?" तुम्हीही हसलात. मग त्यानं एक सूर ओठांशी धरून फुंकला, दुसरा फुंकला, आणि कपाळाला आठी घातली. "राव, सूर उतरल्यात. घासलंय का कुणी?" मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "जुनं हाय ते. आमच्या गावाचा सूरच तसा." मग हट्टालाच पेटलात. जुन्याला हात लावायचा न्हाई, कमी पडतील ते नवे सूर ह्यांच्याशी जुळवा. तो म्हणाला, "मंग ही पेटी दुसऱ्या कुठल्याच पेटीशी जुळायची न्हाई." तुम्ही म्हणालात, "नगं जुळू दे."

आईच्या घासण्यानंच सूर उतरले, हे मला कळलं होतं. तुमच्या ते ध्यानात आलं नाही असं मी धरून चालले आणि आईला बोलणी बसतील म्हणून गप्प राहिले. नंतर सप्ताहात दोन मंडळं एकत्र बसली की आपली पेटी वेगळीच ओरडायची. शेजारगावचे टाळकरी म्हणायचे, "पावणं, तुमची पेटी अजून पाण्यातच हाय का?" तुम्ही हसून भाता मिटायचात, आणि त्यांचं झालं की आपलं मंडळ एकटं गायला बसायचं. उतरलेल्या सुरात, त्याच पट्टीत, तुमचा भरडा आवाज. बायकांत बसलेली आई शेजारणीला सांगायची, "आमच्या गावाचा सूर कसा येगळा उठतो, बघ." तेव्हा मला तिची दया यायची, आणि तुमच्यावर खुळ्या हट्टापायी सारखा राग यायचा.

काल तोच पेटीवाला, आता डोळ्यांनी अधू झालेला, पेटी उघडून बोटांनी सूर चाचपत होता. मी कोण ते सांगितलं तर लगेच म्हणाला, "चिंचेचे सूर न्हवं का हे? तुमच्या आईनं लई नेमानं घासलं व्हतं. सगळे सारखेच उतरले व्हते." मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? "तुमच्या आप्पांनी. तुमाला चहा सांगायला भाईर धाडलं आन् मला म्हनले, माझ्या मंडळीनं घासल्यात, पण पोरीसमोर बोलू नगा. ती आईला सांगंल, आन् आई जन्मभर मनाला लावून घील."

आप्पा, मी सांगणार नव्हते हो. एका घरात राहून आपण दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत राहिलो. मी तिथंच रडले. म्हातारा कानस हातात घेऊन थांबला होता, "जुळवू का मग?" मी म्हटलं, राहू द्या.

पोरं रुसलीत. परवाच्या भजनाला ती दुसरीकडून पेटी मागून आणणार आहेत, आणि त्यांना काय सांगावं ते मला सुचलेलं नाही. हे पत्र पेटीच्या झाकणाखाली ठेवीन, आणखी कुठं ठेवणार? मला पेटी वाजवता येत नाही. सकाळी दार लोटून भाता हलवला आणि एकच पट्टी दाबून धरली. तुमचा आवाज आठवेल म्हणून दाबली होती. पण खरं सांगते आप्पा, तुम्ही रागावू नका, मला मोरीतली आईच ऐकू आली.