कप्तान दारात उभा

२७ जाने., मंगळवार
मिळालं! आठ तारखेला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये स्पॅनिश सिनेमा, आणि माइकवरून मराठीत संवाद बोलणार मी! चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकावरचा. झगे, तलवारी, सगळं. निवृत्तीनंतर स्पॅनिश गिरवलं त्याचं चीज झालं. सेक्रेटरी देसाईकाकांची एकच अट: "लोक उठून गेले तर पुढच्या वेळी आपलं नाट्यसंगीतच."

२ फेब्रु., सोमवार
मयूर विहारहून मेट्रोत बसून संवाद पुटपुटत होते. शेजारची बाई उठून पलीकडे गेली. सिनेमाची गोष्ट सोपी. कप्तानाने तेरेसाच्या भावाला ठार मारलं; आता तोच जखमी होऊन तिच्या दारात आसरा मागतोय. पण मेला बोलतो किती भराभर! मी निम्मंच सांगणार. नवरा म्हणे, "निम्मंच सांगणार, की निम्मंच कळतं?" पाजी.

८ फेब्रु., रविवार
घसा बसला. हॉल भरलेला!! सुरुवातीला फजिती, कप्तान आणि तेरेसा एकाच आवाजात. मागून कोणीतरी, "ताई, आवाज बदला की!" बदलला. मग जी लय लागली...
आणि तेरेसाने कडीला हात घातला तेवढ्यात काकांनी दिवे लावले. सिनेमात नसलं तरी मंडळात मध्यंतर हवंच. "वडे थंड होतायत." रडूच आलं मला. वाटलं, आता खाऊन सगळे घरी.
एकही माणूस गेला नाही! यूपीएससीची पोरं वडा हातात धरून भांडत होती. नांदेडची फरहीन म्हणाली, "इथिक्सच्या पेपरात येतो तसा प्रश्न आहे यार. आसरा मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?" जोशीवहिनी बिल्कुल विरोधात: "आणि भाऊ गेला त्याचं काय?" भांडण आवरेपर्यंत हॉल सोडायची वेळ झाली. शेवट राहिलाच.

९ फेब्रु., सोमवार
सकाळपासून फोन. "उघडते का हो दार?" नाही सांगत, ज्जा! काका पुढच्या रविवारसाठी हॉल मागतायत. मिळेलसं वाटतं.
दुपारी नवरा जवळ येऊन बसला. "मला तरी सांग." माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं त्याला. "नाही उघडत ना?" मग म्हणतो, "तिकडे नाही उघडलं तर तू मराठीत उघड. स्पॅनिश कळतंय कोणाला?"
हाकलला त्याला. असलं कधी करतात का?
पण शेवटी पडद्यावर नुसता तेरेसाचा चेहरा आहे; संध्याकाळपासून दार उघडायचं वाक्य तिच्या तोंडी जुळवून बघतेय. छान बसतंय.