खुर्ची काढली ते वर्ष

अम्मा, ज्या वर्षी तुझ्या वर्गातली खुर्ची काढली, त्या वर्षाबद्दल आपण दोघी कधी धड बोललोच नाही. माझं लग्न झालं, तू रिटायर झालीस, मग तुझं आजारपण आलं आणि बोलायचं ते राहून गेलं. आता माझेही शाळेतले शेवटचे महिने चालू आहेत. काल दुपारी मुलं गेल्यावर वर्गात एकटीच बसले होते आणि तुझ्याशी बोलावंसं फार वाटलं. म्हणून लिहिते आहे.

तुला पहिलीच्या वर्गाशिवाय दुसरं काही नको असायचं. हेडमास्तर व्हायची पाळी आली तेव्हाही तू नाही म्हणालीस. मीसुद्धा तुझ्याच पहिलीत शिकले. तेव्हा तू इथं म्हैसूरातल्याच सरकारी शाळेत होतीस. फाटकाशी आलो की तू माझा हात सोडायचीस आणि बजावायचीस, "इथून पुढं मी अम्मा नाही. टीचर म्हणायचं." एकदा तू पोपटाचं चित्र वर धरून विचारलंस, हे काय, आणि मी सगळ्यांच्या आधी ओरडले, "पोपट!" वर्ग हसला. आपण घरी मराठी बोलतो हे त्यांना कुठं ठाऊक होतं? तू माझ्या हातावर पट्टी मारलीस. "गिळी. कन्नडात सांग. आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." संध्याकाळी त्याच हाताला तू तूप चोळलंस. तुझी मुलं वर्ष संपायच्या आत घडाघडा वाचायची, मोत्यासारखी अक्षरं काढायची. माझ्या अक्षराचं अजून लोक कौतुक करतात. तुझ्या वर्गात मी शिकले खूप. बोलले मात्र फारसं नाही.

नवी पद्धत आली तेव्हा तुझी बदली टी. नरसीपूरच्या बाजूला, सोसल्याच्या पुढच्या एका खेड्यात झालेली होती. रोज बसनं जायचीस. मी नुकतीच नोकरीला लागलेली. तरुण मुलगी, उत्साही, म्हणून मला शिक्षकांना ट्रेनिंग देणाऱ्यांत घेतलं. मूल आपापल्या गतीनं शिकेल, शिक्षक सांगेल कमी आणि ऐकेल जास्त, मुलं चित्रांची कार्डं घेऊन गटात बसतील, फळा मुलांचा हात पोचेल इतका खाली येईल. आणि शिक्षकानं मुलांबरोबर चटईवर बसायचं. टेबल-खुर्ची वर्गाबाहेर. मला हे सगळं इतकं पटलं होतं की झोपेतसुद्धा मी तेच बोलत असेन. ट्रेनिंगला तूही आलीस. बाकीच्या बाया पदर खोचून चटईवर बसल्या, हातवारे करत गाणी म्हणू लागल्या. तू खिडकीशी उभी. दुसऱ्या दिवशीही उभीच. तालुक्याचे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेडम, तुमच्या आईला तुम्हीच समजवा. त्यांना हे पटत नसेल तर पहिली दुसऱ्या कुणाला देऊ. त्यांनी ऑफिसचं काम बघावं."

त्या संध्याकाळचं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू ओट्याशी उभी राहून साराला फोडणी देते आहेस. बाहेरच्या खोलीत अप्पा मशीनवर बसलेत, ब्लाउजांच्या उरलेल्या तुकड्यांतून भिंतीवर टांगायचे खिसे शिवताहेत, तुझ्या वर्गातली कार्डं ठेवायला. मी तावातावानं म्हणते, "खाली बसलीस तर काय बिघडतं ग? कसला एवढा हट्ट?" तू गॅस बारीक करतेस, साडी जराशी वर उचलतेस आणि गुडघा दाखवतेस. सुजून टम्म झालेला.

"बसले की उठता येत नाही, पुट्टी. कुणीतरी धरून उठवावं लागतं. मुलांसमोर कोण उठवणार मला?"

"मग साहेबांना सांग ना. नाहीतर मी सांगते."

"सुम्ने बस!" गप्प करायचं झालं की तुला कन्नडच सुचायचं. "गुडघ्याचं कळलं तर म्हणतील म्हातारी झाली, पाठवा हिला ऑफिसात. हट्टी म्हणू देत. हट्टी बाई उद्या सुधारेल असं तरी त्यांना वाटतं. गुडघा काय सुधारणार?"

"आणि पद्धत? ती पटते का तुला?"

फोडणी चरचरली. "अजून बघितली कुठं मी?" तू म्हणालीस. "मुलं काय म्हणतात ते बघू."

पुढच्या महिन्यात साहेबांबरोबर मी तुझ्या शाळेत आले. वर्गात पाऊल टाकलं तर आत कुणीच नाही. खुर्ची नाही, टेबल नाही, अप्पांनी शिवलेले खिसे भिंतीवर, तेही रिकामे. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मागच्या अंगणातून गलका ऐकू आला. शाळेच्या मागं दगडी जगली होती, बसायला बरा पडेल एवढ्याच उंचीचा कट्टा. तू त्यावर पाय सोडून बसलेली, दोन्ही बाजूंना कार्डं पसरलेली, आणि मुलं तुझ्याभोवती उभी. त्यांची तोंडं अगदी तुझ्या तोंडासमोर.

"मेडम, क्लास बाहेर का?" साहेबांनी विचारलं.

"मुलांच्या उंचीला या असं सांगितलंत ना, सर? इथं येते मी त्यांच्या उंचीला."

तेवढ्यात शेळीचं कार्ड हातात धरलेली एक मुलगी पुढं आली. ही वर्षभर तोंड उघडत नाही असं हेडमास्तर मला येता येताच म्हणाले होते. तिनं कार्डावरचं अक्षर सांगायचं होतं. ती म्हणाली, "आमची शेळी काल व्याली." तू कार्ड तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलंस. "हो? मग?" आणि ती सांगत सुटली. पिल्लाचे पाय आधी आले, आजीनं ओढलं, पिल्लू ओलं होतं, उठलं, पडलं, पुन्हा उठलं. तिचं कन्नड तिच्या वाडीचं, आडवंतिडवं. तू एकही शब्द दुरुस्त केला नाहीस. हनुवटी हातावर टेकून तू ऐकत होतीस, जणू जगात कुणाची शेळी याआधी व्यालीच नव्हती. साहेब खांबाला टेकून उभे राहिले. निघताना एवढंच म्हणाले, "चालू द्या, मेडम." रिटायर होईपर्यंत पहिली तुझ्याकडेच राहिली.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस. सोसलं मागं पडलं तेव्हा म्हणालीस, "ती पोर बोलली बघ." आणि मग, "इतकी वर्षं मीच बोलत होते, अलवा? हो ना?" कंडक्टर ओरडत होता, बस खचाखच भरलेली, आणि तू पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली. घरी पोचल्यावर मला म्हणालीस, वाळत घातलेले कपडे आत आण.

हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहायला धीर होतो आहे. त्या अंगणात साहेबांशेजारी उभी असताना मला आनंद झाला, अभिमान वाटला, हे खरं. पण त्याहून जास्त मला त्या पोरीचा हेवा वाटला. नोकरीवाली, इतरांना शिकवायला निघालेली मी, आणि मनात एकच, की तिला जरा बाजूला सारावं, तुझ्यासमोर जाऊन उभं राहावं आणि काहीतरी सांगत सुटावं. काय सांगितलं असतं, ते आजही सुचत नाही.