ताईचा मनीप्लांट आणि दुसरी चावी

३ मे
ताई आज मुलचेऱ्याला गेली. तिकडच्या दवाखान्यात नर्स कमी, महिनाभर ड्युटी. चंद्रपूरची खोली माझ्या ताब्यात. खोली म्हणजे काय, पलंग, टेबल, कूलर आणि मनीप्लांट. खिडकीजवळच्या रंगाच्या डब्यातून निघतो आणि बुद्धाच्या फोटोवरून, खिळ्या-खिळ्यानं थेट दरवाज्याच्या चौकटीवर. त्याचं पान तोडू देत नाई ती कोणाले.
निघताना म्हणे, "मातीत बोट घालून पाय. कोरडी लागली तंच पाणी. पानं पुसत जा. बारक्या, तू कुठी टिकत नाईस. मी येईन तवा हा जिता दिसला, तं दुसरी चावी तुह्यीच."
चावी खिशात. सध्या उसनी. आजवर माझ्याकडे कोणत्याच दाराची चावी नव्हती. दार वाजवतच आलो सगळीकडे.

५ मे
पानं पुसली. फडकं काळंकुट्ट. कोळशाची धूळ बंद खिडकीतून कशी येते कोण जाणे. फोटोपर्यंत पोचलो आणि खाली बँड वाजला. वरात पाहायला गेलो. उरलेली पानं उद्या.
काम लावून देणाऱ्या बबलूचा फोन, गडचिरोलीकडून. "तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजाले माणूस पायजे. येतं का?" मन झालं. नाई म्हटलं. बबलूला वाटलं, मले ताप आहे.

९ मे
नळ एक दिवसाआड येतो, आज तोही नाई. कूलरच्या तळाला पाणी होतं, तेच वेलाला टाकलं. वाया काई गेलं नाई. खूश.

१३ मे
पानांची टोकं तपकिरी, जळाल्यासारखी. ऊनच असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नाई. तहान लागली असणार. कूलरचं पाणी आता सकाळ-संध्याकाळ. बोट घालून पाहायचं राहूनच...

१४ मे
दोस्त मन्या आंबे आणायले पिकअप घेऊन सिंदेवाहीला चाललाय. संध्याकाळी परत. वेलाचा डबा काठोकाठ भरून निघतो.

१८ मे
वर लिहिलंय, संध्याकाळी परत. पिकअप बिघडली, मग मन्याच्या मामाकडे लग्न, मग तलाव.
दार उघडलं तर वास. पिवळी पानं पलंगावर गळलेली. खोड बुडाशी दाबलं, बोट आत गेलं.

१९ मे
माती उपसली. मुळं काळी, लिबलिबीत. मातीवर पांढरी पपडी. ही कुठून आली, कळेना. दुपारी कूलर गारवा देईना म्हणून त्याच्या बाजूच्या गवताच्या ताट्या काढल्या, तर त्यांच्यावरही तीच पपडी. ताटी हातात धरून बसलो. इथलं पाणी खारं. कूलर पाणी उडवतो, खार तळाला राहतो. तोच मी वेलाला पाजला. दोन टाइम.
दरवाज्याकडचा शेंडा अजून हिरवा आहे. तुकडे करून बाटल्यांत लावले, उजेड पाहिजे म्हणून खिडकीत ठेवले.

२१ मे
खिडकीत नव्हते ठेवायचे. दुपारनंतरचं ऊन थेट येतं. बाटलीत बोट घातलं, चहा. तुकडे शिजले. भिंतीवर नुसते खिळे.
ताईचा फोन. नाई उचलला.

२२ मे
नर्सरीतून आणता येईल. पण विकतचा मनीप्लांट लागत नाई, मागून आणलेलाही नाई. चोरलेलाच लागतो, हे आमच्या गल्लीत लहान पोरालेही माहीत आहे. खालच्या शोभाबाईच्या गॅलरीत मोठा वेल आहे. उद्या दुपारी. तेव्हा सगळे कूलरपुढे आडवे असतात.

२३ मे
पकडलो गेलो. चांगला डोळेवाला कांडा पाहून तोडला, वळलो, तर दारात शोभाबाई.
"काय करून राह्यला रे?"
"काई नाई."
"मंग हातात काय, कोथिंबीर?"
सगळं सांगून टाकलं. कूलर, सिंदेवाही, खिडकी. ती आधी हसली, मग म्हणाली, "बापा! तिनं पोरासारखा वाढवला होता तो."
म्हटलं, "बाई, मंग देऊनच टाका ना एक."
"देईन तं लागन का? मीही हा वर येऊन, तुह्या ताईच्याच खिडकीतून हात घालून तोडला. ते ड्युटीवर गेली होती तवा."
"तिले माहीत हाये?"
"नसन माहीत? मले पायजे म्हणून मी एकदा बोलली होती. तवापासून बाहेर जाताना खिडकीची एक फळी उघडी ठेवत होती ते. मी तोडला, आणि तवापासून फळी बंद." मग पदर खोचला. "मी भांडे घासाले जाते. मले इकडचं काई दिसत नाई. दोन तोड. एक तं तू मारशीनच."
दोन तोडले.

२८ मे
नळाचं पाणी, तेही रात्रभर ठेवलेलं. बाटल्या फोटोखाली, उन्हापासून लांब. कुठेच गेलो नाई. वरात आली होती, वरूनच पाहिली.
एक कांडा सडला. शोभाबाई बरोबर बोलली.

४ जून
उरलेल्याला पांढरी मुळी. नखाएवढी. वर एक पान, अजून गुंडाळलेलं.
बबलू आता सिरोंच्याकडे आहे. "येतं का?" म्हटलं, रविवारी ताई येते, मंग सांगतो.

६ जून
ताईचा फोन, आज उचलला.
"वेल कसा हाये?"
"हाये."
"चौकटीच्या खाली उतरला का?"
"तू ये आधी."
"जेवला का?" उद्या सकाळच्या गाडीनं येते.
वेल तिचाच आहे. खाली जाऊन वर आला, एवढंच. पण चौकटीपर्यंतचे सगळे खिळे रिकामे दिसणारच. खिळे काढून टाकावे असं मनात आलं, पक्कडही आणली शोभाबाईकडून. नाई काढले. लागतील.
फरशी पुसली. पिशवी भरलेली आहे, दाराशी ठेवली नाई, पलंगाखाली सरकवली. टेबलावर बाटली, तिला टेकून उसनी चावी. ताई आधी काय उचलते, पाहू.